सातवी विहीर

मंगळवार, ३ ऑगस्ट १९७१

नव्या वर्षाला एका गिरणीने आमच्या दुकानात वाटलेली ही डायरी इतके महिने कोरीच पडून होती. आज तिचं नशीब उघडलं ते कुत्र्यामुळे. जनावरांचे डॉक्टर ओमप्रकाश म्हणाले, "चंपतराव, हा दिवसभरात काय खाते, पाणी किती पिते, रोज लिहून ठेवत जा." माणसाची दैनंदिनी कुत्र्याच्या जेवणाने सुरू व्हावी, हे आमच्या घराला शोभतंच.

तर लिहितो. दरोगाने सकाळी दुधात कुस्करलेली पोळी हुंगली आणि तोंड फिरवलं. पाणी प्यायला गेला, पण निम्मं बाहेरच सांडलं. दुपारचं ठाऊक नाही, मी गांधीबागेत दुकानावर होतो. संध्याकाळी वाडगं रिकामं होतं, म्हणजे काहीतरी खाल्लं असणार.

डॉक्टरांनी त्याचा गळा दाबून दाबून पाहिला. "गाठ आहे. वाढून राहिली. वय पाहता कापण्यात अर्थ नाही. आता औषध द्यायचं ते त्रास कमी व्हावा म्हणून." महिनाभर काढेल का, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

दरोगा हे नाव माझंच. जया शाळेत होती तेव्हा तिने नालीतून हे पिल्लू उचलून आणलं. दुसऱ्याच दिवसापासून ते उंबऱ्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला असं न्याहाळायचं, की जणू प्रत्येकाची जबानी घ्यायची आहे. पुढे जया लग्न होऊन चंद्रपूरला गेली आणि दरोगा माझ्या वाट्याला आला. कौसल्येचं आणि त्याचं कधीच जमलं नाही. इतकी वर्षं ती त्याला "मेला" याच नावाने हाक मारते. आज डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं, तर कपाळाला आठ्या घालून म्हणाली, "मेल्यानं माह्या देवघरासमोर लाळेचं डबकं केलं." बायकांचं मन मऊ असतं म्हणणाऱ्यांनी आमच्या घरी चार दिवस राहून पाहावं.

गुरुवार, ५ ऑगस्ट

आज डोकं फिरलं. दुकानातून परतलो तर समोरचा बळीराम चार माणसं जमवून माझ्या दारात उभा.

"चंपतराव, तुमचा कुत्रा लाळ गाळून राहिला गा. पिसाळला तं नाही?"

"त्याच्या गळ्यात गाठ आहे. डॉक्टरनं पाहिलं."

"डॉक्टर काय, काहीही म्हणते. गल्लीत लेकरंबाळं आहेत. कार्पोरेशनच्या गाडीले कळवून टाका, बावा. आजच्या आज घेऊन जातीन."

गाडी म्हणजे काय ते आमच्या सगळ्या इतवारी भागाला ठाऊक आहे. तारेचा फास, आणि नंतर काय होतं ते कोणी विचारत नाही. बळीरामचं स्वतःचं कुत्रं गेल्या वर्षी दूधवाल्याच्या पोटरीला लोंबकळलं होतं, तेव्हा त्याला गाडी आठवली नव्हती. आपला तो बाळ्या, दुसऱ्याचं ते कार्टं.

कपड्याच्या दुकानात उभं आयुष्य गेल्याने माझा आवाज तसा खणखणीत. मी ओट्यावर चढलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "ऐका! माह्या कुत्र्यानं कोणाले नुसता दात लावला, तरी दुसऱ्या घटकेले मीच त्याले संपवतो. गाडीची गरज नाही. माह्या हातानं संपवतो. झालं समाधान?"

झालं. बळीराम गेला, बाकीचेही पांगले. मागे वळून पाहिलं तर कौसल्या हातात सूप घेऊन दारात उभी होती. सगळं तिने ऐकलं असावं. तशीच आत गेली. निदान या बाबतीत तरी नवऱ्याचं बोलणं तिला पटलं असणार.

शनिवार, ७ ऑगस्ट

गोळ्यांचा प्रश्न मी सोडवला. माझ्या हातून दरोगा गोळी घेत नव्हता, जबडा घट्ट मिटून घ्यायचा. मग युक्ती केली. सकाळी गोळी गुळाच्या खड्यात दाबून त्याच्या वाडग्याजवळ ठेवायची आणि निघून जायचं. संध्याकाळी पाहावं तर गोळी गायब. काल तसंच, आज तसंच. कौसल्येला मोठ्या अभिमानाने सांगितलं. ती चुलीवरचं भांडं उतरवत म्हणाली, "हाव जी, युक्तीच ती."

तिच्या लुगड्यावर मांडीपाशी लाळेचे डाग वाळलेले दिसले. विचारलं तर म्हणाली, मेला अंगावर येते.

दरोगा: दुपारी थोडा मऊ भात खाल्ला असं कौसल्या सांगते. वजन उतरतंच आहे. हात फिरवला की बरगड्या लागतात आणि मला वाईट वाटतं.

सोमवार, ९ ऑगस्ट

श्रावणी सोमवार, म्हणून दुकानातून जरा लवकर निघालो. कौसल्येच्या उजव्या हाताला चिंधी. म्हणे विळीवर कापलं. चिंधी सोडून पाहू म्हटलं तर हात मागे घेतला. चिंधीतून तिखटाचा भपकारा येत होता. "जखमेवर हळद लावतात, तिखट नव्हे," मी म्हणालो. "तिखटानं लवकर सुकते, प्रयागबाईनं सांगतलं," ती म्हणाली. प्रयागबाई म्हणजे भिंतीपलीकडची म्हातारी, अख्ख्या गल्लीची बिनपगारी वैद्य. जखमेत मिरचीपूड कोंबायचं औषध मी तरी प्रथमच ऐकलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं तिच्या, तरी चिंधी सोडेना.

दरोगा आज देवघराच्या भिंतीला तोंड करून पडून होता. मी हाक मारली तर शेपूट हललं, मान नाही.

बुधवार, ११ ऑगस्ट

कौसल्येला नवं खूळ लागलंय. घरी नळाला पाणी असताना प्रयागबाईबरोबर विहिरी पालथ्या घालत फिरते. काल राममंदिरामागच्या विहिरीवर. आज सकाळी तेलीपुऱ्यात कोणाच्या तरी अंगणातल्या विहिरीवर, आणि तिथून पुढे आणखी एकीवर. घागर नाही, दोर नाही. नुसतं जायचं, वाकून आत पाहायचं आणि परत यायचं. हे मला कोपऱ्यावरच्या गोविंदा पानवाल्याने सांगितलं. विडा बांधता बांधता त्याने हळूच विचारलं, "घरी सर्व ठीक आहे नं, चंपतराव? वहिनी बऱ्या आहेत?" भला माणूस आहे, नेहमीच चौकशी करतो.

घरी येऊन विचारलं तर म्हणाली, श्रावणातलं व्रत आहे. बायकांच्या व्रतांची गणती आमच्या दुकानातल्या ताक्यांपेक्षा जास्त, तेव्हा मी वाद घातला नाही. पण विहिरीत डोकावून कोणता देव प्रसन्न होतो, हे एकदा त्या प्रयागबाईला विचारलं पाहिजे.

आज आणखी एक गंमत. कौसल्या दरोगासमोर पाण्याचं वाडगं धरून बसली होती. तेही केव्हापासून कोण जाणे. मला पाहून उठली.

"हा पाणी पाहून भेते का जी?" तिने विचारलं.

"भेत नाही, गिळता येत नाही त्याले. गाठ आहे म्हणून सांगतलं नं डॉक्टरनं."

"पण डॉक्टरले नक्की माहीत आहे?"

"तुले काहून एवढी चिंता? तुहा तं मेला आहे तो."

तिने वाडगं उचलून आत नेलं. मीही उगाच लागेल असं बोललो, पण बोललो खरा.

शनिवार, १४ ऑगस्ट

वाईट दिवस. सकाळी दरोगा उभा राहायला गेला आणि मागचे पाय घसरले. घशातून घरघर येते, प्रत्येक श्वास ओढून घ्यावा लागतो. पाणी जिभेवर घेतो आणि ते गळ्यापर्यंत जाऊन परत येतं. माझ्याकडे पाहतो. काय सांगू त्याला?

दुकानात दिवसभर गिऱ्हाइकाला टेरिलिनच्या जागी पॉपलिन दाखवत होतो. शेवटी सुटी मागून डॉक्टर ओमप्रकाशांकडे गेलो. ते म्हणाले, "मी सांगणारच होतो. आता ठेवण्यात दया नाही. सोमवारी घरी येतो. एक सुई, झोपल्यासारखा जाईल."

घरी येऊन कौसल्येला सांगितलं. वाटलं, सुटकेचा निःश्वास सोडेल. ती पाटावरून उठली ती थेट माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"नाही. सोमवारी नाही. पोळा होऊ द्या."

"पोळ्यापर्यंत काय होणार आहे?"

"श्रावणात जीव घेऊ नये."

"त्याचे हाल दिसत नाहीत का तुले? श्रावणात हाल चालतात?"

"दिसतात जी. मले दिसत नाहीत का?" तिचा आवाज एवढा चढला, की भिंतीपलीकडे प्रयागबाईचं जातं थांबलं. "पण पोळ्यापर्यंत जगू द्या त्याले. एवढंच मागणं आहे माहं. बाकी कधी काही मांगतलं का मी?"

खरं आहे, मागितलं नाही. पण आता हे काय? तेरा वर्षं ज्याला झाडूने हाकललं, त्याच्या श्वासासाठी व्रताची आडकाठी. मला राग आला. धर्म पाळायचा हिने आणि हाल भोगायचे कुत्र्याने. मी साफ सांगितलं, डॉक्टर सोमवारीच येणार.

ती जेवली नाही. दोनदा तिने पाण्याचा पेला तोंडाला लावला आणि पेल्यात पाहत राहिली. रुसण्याच्याही नाना तऱ्हा असतात.

सोमवार, १६ ऑगस्ट

आजचं आजच लिहितो. लिहिलं नाही तर डोकं फुटेल.

डॉक्टर सकाळी आले. पेटी उघडून सामान मांडलं. मी दरोगाचं डोकं मांडीवर घेतलं होतं. डॉक्टरांनी नेहमीच्या सवयीने विचारलं, "गेल्या दहा-बारा दिवसांत कोणाले चावला वगैरे तं नाही नं?"

"छे!" मी म्हणालो. "माह्या कुत्र्यानं आजवर कोणाले दात लावला नाही."

"मग ठीक. कारण चावला असता तं मारता आलं नसतं. दहा दिवस जिवंत ठेवून पाहावं लागते. दहा दिवस काढले तं पिसाळलेला नाही हे नक्की. मधातच मेला तं चावलेल्या माणसाले पोटात पूर्ण चौदा सुया घ्याव्या लागतात. घेतल्या नाही तं..."

कौसल्या स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. डॉक्टरांनी सुई हातात घेतली तशी ती पुढे आली आणि हाताची चिंधी सोडायला लागली. मला कळेना की ही आत्ता काय करते आहे. चिंधी गळून पडली. अंगठ्याच्या बुडाशी दोन खोल भोकं, कडेला मिरचीने भाजून काळी पडलेली कातडी.

विळीचे दात असे नसतात.

"कधी?" डॉक्टरांनी विचारलं.

"मागच्या सोमवारी. त्यानं नाही चावलं जी. मीच बोट घशात घातलं होतं. गोळी तिथंच अटकली होती, ते पलीकडे लोटून राहिली होती. त्याले उबळ आली आणि जबडा मिटला. त्याचा काही गुन्हा नाही."

मी ओरडलो. काय काय बोललो ते सगळं आठवत नाही. एवढे दिवस! एवढे दिवस तोंड शिवून बसलीस? जीव जातो यानं, माहीत आहे का? ती मान खाली घालून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "तुमीच तं ओट्यावर चढून सांगतलं होतं सर्व्यायले. नुसता दात लागला तरी दुसऱ्या घटकेले संपवतो म्हणून. मले वाटलं, तुमी बोलले तं कराल."

मी दरोगाचं डोकं मांडीवर घेऊन तसाच बसलो.

डॉक्टरांनी सामान पेटीत भरलं. म्हणाले, "माह्या मते गाठच आहे. पण लाळ गळणं, गिळता न येणं, मागचे पाय लुळे पडणं, हे त्या रोगातही होते. मी छातीवर हात ठेवून नाही सांगू शकत. गुरुवारपर्यंत कसंही करून जगवा. आणि वहिनींले उद्या सकाळीच मोठ्या दवाखान्यात न्या."

ते गेल्यावर प्रयागबाई आली. तिच्यावरही ओरडलो. म्हातारी बधली नाही. "सात विहिरी पाहिल्या का विष उतरते, भाऊ. माह्या सासऱ्याचं उतरलं होतं. पाण्यात आपलंच तोंड दिसलं तं भेव नाही. कुत्र्याचं तोंड दिसलं तं मंग खैर नाही. अन् कुत्रा दहा दिवस, पोळ्यापर्यंत जगला तं विषच नव्हतं समजायचं." कौसल्येच्या सहा विहिरी झाल्या आहेत म्हणे. सातवी सोमवारी पाहायची असं प्रयागबाईने ठरवलं होतं, पण आज डॉक्टर येणार म्हणून ती घरातून हललीच नाही. आणि गोळ्यांची गुळाची युक्ती! गूळ मुंग्या खात होत्या. दोन महिने झाले, दरोगाला एकेक घास ही बोटाने भरवते आहे, मी दुकानात असताना. हेही प्रयागबाईनेच सांगितलं. अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं, बहुतेक.

संध्याकाळी कौसल्येने पेलाभर पाणी प्यायलं. मी समोर बसून शेवटच्या घोटापर्यंत पाहिलं.

मंगळवार, १७ ऑगस्ट

दवाखान्यात पहिली सुई झाली. बेंबीच्या बाजूला, एवढी जाड. ती ओठ दाबून छताकडे पाहत होती. माझीच मूठ तिच्या हातात होती आणि ती दाबली गेली तेव्हा कळलं किती दुखलं ते.

तिथले डॉक्टर तरुण आहेत, पण समजावून सांगणारे. "उशीर झाला, तरी वेळ गेलेली नाही. रोज एक घ्यायची. कुत्रा गुरुवारी जिवंत असेल तर थांबवू. नसेल तर चौदाच्या चौदा." मग मला बाजूला घेऊन म्हणाले, या सुयांनी फार क्वचित कमरेखालचं अंग लुळं पडतं, म्हणून गरज नसताना देत नाहीत. पाय जड वाटले तर लगेच आणा. क्वचित म्हणाले ते. पण मला तो शब्द ऐकूच आला नाही, बाकीचं सगळं ऐकू आलं.

म्हणजे हिशेब असा, की दरोगा जितका तगेल तितकं कौसल्येचं भलं.

घरी आलो आणि कामाला लागलो. ग्लुकोजचं पाणी केलं, कापसाचा बोळा भिजवून त्याच्या जिभेवर पिळला. ते परत आलं. पुन्हा पिळलं. त्याचा जबडा धरून मान वर केली, तसं त्याच्या घशात असं काही गुरगुरलं की मी हात काढून घेतला. मग पुन्हा धरला. कौसल्या म्हणाली, "पुरे करा." मी ऐकलं नाही. तासाभराने पुन्हा तेच केलं. ज्या कुत्र्याला काल मरण देणार होतो, त्याच्या उरावर आज बसलो आहे, आणि थांबायची माझी तयारी नाही. गुरुवार. फक्त गुरुवारपर्यंत. त्याचे डोळे उघडे आहेत आणि तो माझ्या हातांकडे पाहतो. पहिल्यांदाच तो मला भ्यायला.

मला हे करवत नाही. पण कौसल्येचे पाय जातील या भीतीने करतो आहे.

बुधवार, १८ ऑगस्ट

सकाळी दुसरी सुई. परत येताना रिक्षात कौसल्या पोटाला हात धरून वाकून बसली होती. दाराशी आलो आणि आतून ती घरघर ऐकू आली. रस्त्यापर्यंत ऐकू येत होती.

ती आत जाऊन त्याच्याजवळ बसली. मी कापूस आणि ग्लुकोज घेऊन आलो. तिने माझा हात धरला.

"ठेवा ते खाली."

"उद्या गुरुवार आहे, कौसल्या. एकच दिवस."

"उद्यापर्यंत कायले? हा मरू राहिला का जगू राहिला, मले दिसते. डॉक्टरले बोलवा. आत्ता."

"आणि तुह्या सुया?"

"घेईन."

"चौदा घ्याव्या लागतीन. डॉक्टर काय म्हटलं माहीत आहे का तुले? पाय..."

"ऐकलं मी. तुमी बाजूले गेले तरी दवाखान्यात कान मिटून नव्हती बसली. घेईन म्हटलं नं. पोट माहं आहे." मग हळू आवाजात म्हणाली, "मीच म्हटलं होतं पोळ्यापर्यंत जगवा म्हणून. भेव वाटलं होतं मले, लय भेव. म्या माह्या भेवापायी याले चार दिवस तडफडत ठेवलं. आता तुमी माह्यापायी ठेवून राहिले. याचं कोणी पाहाल का नाही?"

मी भांडलो. हातापाया पडलो म्हटलं तरी चालेल. तिने ऐकलं नाही. शेवटी ती स्वतःच उठली आणि भिंतीवरून प्रयागबाईला हाक मारून डॉक्टरांकडे निरोप धाडला.

डॉक्टर ओमप्रकाश आले. म्हणाले, मेल्यावर डोकं कापून तपासायला पाठवलं तर खात्री होईल, कदाचित सुया वाचतील. मी लगेच हो म्हटलं. कौसल्या म्हणाली, "कापू देणार नाही. अख्खा पुरायचा." मी दरोगाला उचलून तिच्या मांडीवर ठेवलं.

दरोगा तिच्या मांडीवर गेला. तिने त्याच्या कानाशी वाकून काहीतरी म्हटलं. मला एकच शब्द ऐकू आला, "मेला". आजवर तो शब्द मी हजारदा ऐकला, पण नीट कधी ऐकला नव्हता. सुई गेल्यावर घरघर थांबली. घर एकदम एवढं शांत झालं की बाहेरच्या सायकलच्या घंटीने मी दचकलो.

दुकानातून त्याला गुंडाळायला नव्या लठ्ठ्याचं कापड आणलं. मागच्या अंगणात सीताफळाखाली खड्डा केला. बळीराम आला आणि त्याने माझ्या हातातलं फावडं घेतलं. तोही रडत होता. मीही रडलो.

शुक्रवार, २० ऑगस्ट. पोळा

चौथी सुई. दवाखान्याच्या वाटेवर बैलांच्या झुली, गोंडे, रंगवलेली शिंगं. आमची रिक्षा मध्येच अडकली. कौसल्या म्हणाली, "पोळ्यापर्यंत पायजे होता मले तो. आला पोळा."

घरी येऊन मी भात टाकला. खाली लागला. तिने खाल्ला, पाणी प्यायलं. मी पेल्याकडे पाहतो हे तिला कळतं. मुद्दाम सावकाश पिते.

शनिवार, २१ ऑगस्ट

आज मारबत, रोगराई गावाबाहेर न्यायच्या पुतळ्यांची मिरवणूक. रस्त्यावर पाय ठेवायला जागा नाही, पिवळी मारबत वरच्या रस्त्याने गेली. सगळी गल्ली ओरडत होती, "रोगराई घेऊन जा गे मारबत!" प्रयागबाई दारापुढच्या छपरीत उभी राहून म्हाताऱ्या आवाजात किंचाळली, "कौसल्येचं विष घेऊन जा गे मारबत!" चारचौघांनी वळून पाहिलं. एरवी मला लाज वाटली असती. आज मीही ओरडलो, आणि दुकानातल्या आवाजात ओरडलो.

गुरुवार, २६ ऑगस्ट

सकाळी उठताना कौसल्या म्हणाली, पाय जड वाटतो. तिला तसंच रिक्षात घातलं. त्या तरुण डॉक्टरांनी पायाच्या तळव्यावर टाचणी ओढली, गुडघ्यावर हातोडी मारली, चालायला लावलं. म्हणाले, पायात मुंग्या आल्या आहेत, दुसरं काही नाही. रात्रभर कुशी न बदलता झोपल्या असतील, पोट दुखतं म्हणून. मी बाहेर येऊन बाकावर बसलो तो उठवेना. ती म्हणाली, "चला, का तुमाले हात देऊ?"

सोमवार, ३० ऑगस्ट

शेवटची सुई झाली. डॉक्टर म्हणाले, आता भिण्याचं कारण नाही. तिचं पोट दगडासारखं कडक झालं आहे. बसताना अजून कळ येते, पण पाय शाबूत आहेत. देव, मारबत, सुया, कोणाचे उपकार मानायचे ते मानीन, माझी ना नाही.

रिक्षा टिमकी मोहल्ल्याच्या वळणावर आली तेव्हा तिने थांबवायला सांगितली. "सातवी राहिली आहे," म्हणाली.

"सुया पूर्ण झाल्या नं. आता कायले?"

"राहू नये अर्धं."

एका कोष्ट्याच्या अंगणात जुनी विहीर होती. मागावर बसलेल्या माणसाने आमच्याकडे पाहिलं, तिच्या हाताकडे पाहिलं, आणि न विचारता बोटाने विहीर दाखवली. ती काठाला धरून हळूच वाकली. तोल जाईल म्हणून मी तिचा खांदा धरला आणि मीही वाकलो. आयुष्यात प्रथमच या प्रकारासाठी विहिरीत पाहिलं, आणि खरं सांगतो, आधी डोळे मिटून घेतले होते. पाणी खूप खाली होतं. आधी नुसतं आकाश दिसलं. मग पाणी ठरलं आणि आमची दोन तोंडं दिसली, शेजारी शेजारी.

"दिसला का जी?" तिने विचारलं.

"नाही," मी म्हणालो. माझा जीव भांड्यात पडला होता. "आपण दोघंच आहोत. सुटलीस तू."

ती उठेना. पाण्यात पाहतच राहिली. मी म्हटलं, चल, पोट दुखेल. तिने मान हलवली, पण काठ सोडला नाही.

"सहाही विहिरीत नाही दिसला," ती म्हणाली. "तवा बरं वाटे. आज वाटलं होतं, एक डाव दिसावा."

आणि दरोगा गेल्यापासून पहिल्यांदा ती रडली.